गोग आणि मागोग

बायबलमधील युगान्तविषयक भाकितांत देवाच्या प्रजेवर अखेरची स्वारी करणाऱ्या शत्रूची ही नावे होत. जुन्या करारातील यहेज्केल या ग्रंथाच्या ३८ व ३९ या अध्यायांत गोग हे एका अधिपतीचे व मागोग हे त्याच्या मुलखाचे नाव आहे; नव्या कराराच्या शेवटच्या ग्रंथात, म्हणजे प्रकटीकरणाच्या २०व्या अध्यायात, हीच दोन नावे पृथ्वीच्या चारही कोपऱ्यांतून गोळा होणाऱ्या राष्ट्रांना लावलेली दिसतात. मूळ ग्रंथांतच झालेला हा पालट ध्यानात न घेतल्यामुळे पुढील अर्थविवाद बव्हंशी वाढला.

यहेज्केल हा यरुशलेमच्या याजकवर्गातील. इ. स. पू. ५९७ मध्ये बाबिलोनी सम्राट नबुखद्नेस्सर याने यहूदाचा राजा यहोयाखीन यास बंदिवान करून नेले, त्या वेळी तोही बाबिलोनियात गेला आणि खबार कालव्याकाठच्या तेल-अबीब या निर्वासितांच्या वसाहतीत राहिला. त्याच्या भाकिताप्रमाणे मेशेख व तुबाल यांचा अधिपती गोग हा पारस, कूश, पूट, गोमेर आणि तोगार्मा यांच्या फौजांसह अगदी उत्तरेकडून चाल करून येईल. तथापि तो स्वेच्छेने येतो तितकाच आणलाही जातो, कारण परमेश्वर त्याच्या जबड्यात गळ अडकवून त्यास ओढून आणणार आहे. ज्या भूमीवर तो येतो तेथील गावांना तट नाहीत, वेशी नाहीत, अडसर नाहीत. आणि मग जे घडते त्यास युद्ध हा शब्द केवळ सवयीने लावला जातो; भूकंप, मरी, गारा, अग्नी व गंधक यांच्या वर्षावात आणि आपसांत चालविलेल्या तरवारींनी ती सेना नाहीशी होते, परंतु इस्राएलचा एकही शिपाई या प्रसंगी शस्त्र उचलीत नाही. पुढील वर्णन संग्रामापेक्षा सावकाश आहे: शत्रूची धनुष्ये, ढाली व भाले सात वर्षे सरपणास पुरतात, प्रेते पुरण्यास सात महिने लागतात, त्यांसाठी हामोन-गोग नावाचे खोरे राखून ठेवले जाते आणि तेवढ्यानेही काम संपले नाही म्हणून देशभर हिंडून जेथे हाड दिसेल तेथे खूण उभारणारी माणसे नेमली जातात. प्रेतस्पर्शाने भूमी विटाळते हा याजकाचा विचार या तपशिलात स्पष्टपणे बोलतो. सेनापतीने हा वृत्तान्त लिहिला असता तर त्यातील विस्तार निश्चितच दुसऱ्या ठिकाणी झाला असता.

नावांचा उगम शोधणे त्यामानाने सुकर आहे. उत्पत्ती ग्रंथाच्या १०व्या अध्यायातील वंशावळीत मागोग, तुबाल व मेशेख हे नोहाचा पुत्र याफेथ याचे मुलगे आहेत. अश्शूरी दफ्तरांत मुश्की व ताबाल ही राज्ये आढळतात आणि ती आजच्या तुर्कस्तानात, आनातोलियाच्या पठारावर होती. गोग हे नाव बहुधा लिडियाचा राजा गायजीझ याच्यापासून आले असावे; इ. स. पू. सातव्या शतकातील अश्शूरी सम्राट असुरबनिपाल याच्या लेखांत तो गुगू या नावाने येतो. दुसरे एक अनुमान चातुर्याचे आहे. यहेज्केलाने अम्मोन, मवाब, अदोम, पलिष्टी, सोर, सीदोन व मिसर या सर्वांविरुद्ध दंडाज्ञा उच्चारल्या, पण ज्याच्या कैदेत तो होता त्या बाबेलाविरुद्ध स्वतंत्र अशी एकही नाही. आणि बाबेल या शब्दाच्या इब्री अक्षरांऐवजी वर्णमालेतील पुढचे पुढचे अक्षर घेऊन ती उलट क्रमाने मांडली असता मागोगची व्यंजने मिळतात. हे अनुमान सिद्ध झालेले नाही, परंतु परक्या राजाच्या अमलाखाली लिहिणाऱ्याने गुप्त लिपीचा आश्रय करावा यात अस्वाभाविक असे काही नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट ३८व्या अध्यायाच्या १७व्या वचनात आहे. तेथे गोगलाच प्रश्न केला आहे की, पूर्वीच्या संदेष्ट्यांच्या मुखाने ज्याच्याविषयी सांगितले गेले तो तूच काय? पूर्वीच्या संदेष्ट्यांच्या ग्रंथांत गोगचे नाव कोठेही नाही. यिर्मयाने मात्र उत्तरेकडून येणाऱ्या निनावी शत्रूची भीती वारंवार घातली होती. म्हणजे हे भाकीत स्वतःच एका जुन्या भाकिताचा अर्थ लावीत आहे, आणि गोगचा पहिला भाष्यकार यहेज्केलच ठरतो.

दुसरा भाष्यकार प्रकटीकरणकर्ता योहान. पहिल्या शतकाच्या अखेरीस रोमी साम्राज्यात लिहिताना त्याने उत्तर दिशा गाळली, मित्रराष्ट्रांची यादी गाळली, पुरण्याचे सात महिनेही गाळले. ख्रिस्ताचे सहस्र वर्षांचे राज्य संपल्यावर सैतान बंधमुक्त होतो, समुद्राच्या वाळूइतकी राष्ट्रे बहकवून पवित्र जनांच्या छावणीस व प्रिय नगरीस वेढा घालवितो आणि आकाशातून उतरलेला अग्नी त्यांस क्षणात गिळून टाकतो. लगेच शुभ्र सिंहासनापुढे मृतांचा न्याय सुरू होतो. मगिद्दोच्या नावाशी जोडलेली हर्मगिदोनची लढाई याच ग्रंथाच्या १६व्या अध्यायात स्वतंत्रपणे आली आहे. लोकप्रिय विवेचनांत या दोहोंची सरमिसळ होते; सहस्र वर्षे शब्दशः घेणाऱ्या मताप्रमाणे तर त्यांच्यामध्ये तितक्या काळाचे अंतर मानावे लागते.

योहानाने नावे व्यापक केली तरी वाचकांनी ती पुन्हा नकाशावर आणली. यहुदी इतिहासकार जोसीफस याने पहिल्या शतकात मागोगचे वंशज म्हणजे सिथियन, म्हणजे आपल्या शकांचे सगोत्र, असे लिहिले. त्याच्या आगेमागेच शक क्षत्रप नहपान हा नाशिक-जुन्नरच्या मुलखावर अंमल चालवीत होता, याची त्यास वार्ता असण्याचे कारण नव्हते. चौथ्या शतकात मिलानचा बिशप अँब्रोझ याने गॉथ लोकांत गोग ओळखला आणि सम्राट ग्रेशियन यास विजयाचा भरवसा दिला. परंतु ३७८ मध्ये एड्रियानोपल येथे गॉथांनीच रोमी सेनेचा धुव्वा उडविला आणि सम्राट व्हॅलेन्झ तेथे पडला. हे समीकरण खरे की खोटे ते लढाईच्या शेवटावरून दिसून येईल, असा जेरोमचा शेरा आहे आणि त्यातील धार लपत नाही. ४१० मध्ये त्याच गॉथांनी रोम लुटल्यानंतर लिहिलेल्या आपल्या ‘देवनगरी’ या ग्रंथात ऑगस्टीनने सरहद्दीपलीकडील कोणतेही विशिष्ट राष्ट्र गोग मानण्याचे नाकारले. त्याच्या मते गोग-मागोग म्हणजे जगभर पसरलेला विरोधी जनसमूह. गॉथांची धास्ती ताजी असताना हे लिहिण्यास धैर्य लागले असले पाहिजे.

ऑगस्टीनचा अर्थ मठांत मान्य झाला, बाजारात नाही. सिकंदराने या रानटी टोळ्यांना डोंगराआड लोखंडी दरवाजा घालून कोंडले, अशी कथा सातव्या शतकातील सिरियाक वाङ्मयात सविस्तर आढळते. कुराणाच्या १८व्या सूऱ्यात झुल्करनैन हा याजूज व माजूज, म्हणजेच गोग व मागोग, यांच्या आड लोखंडाची व वितळलेल्या तांब्याची भिंत उभारतो. नवव्या शतकातील अब्बासी खलिफा अल्-वासिक याने तर ती भिंत शाबूत आहे की नाही याची पाहणी करण्यासाठी सल्लाम नावाच्या दुभाष्यास मोहिमेवर धाडले. पुढे मंगोल आले तेव्हा दरवाजा फुटला असेच युरोपने मानले, आणि १५२९ मध्ये ऑटोमन फौजांनी व्हिएन्नास वेढा घातल्यानंतर पुढील वर्षी मार्टिन ल्यूथरने यहेज्केलचे हे दोन अध्याय जर्मन भाषेत स्वतंत्रपणे प्रसिद्ध केले, ते गोग म्हणजे तुर्क अशी प्रस्तावना जोडून.

रशियाशी जोडलेले समीकरण सर्वांत दीर्घायुषी ठरले, आणि त्याच्या मुळाशी एका शब्दाचा तर्जुमा आहे. यहेज्केलने गोगला लावलेल्या बिरुदातील इब्री ‘रोश’ म्हणजे मस्तक किंवा प्रमुख. परंतु ग्रीक भाषांतरकारांनी तो देशवाचक विशेषनामाप्रमाणे तसाच ठेवला. दहाव्या शतकात कॉन्स्टँटिनोपलला उत्तरेच्या रूस लोकांचा उपद्रव झाला तेव्हा ग्रीकांत त्यांचे नावही ‘रोस’ असेच असल्यामुळे इतिहासकार लिओ डीकन यास यहेज्केलचे भाकीत सहज आठवले. १६११च्या इंग्रजी बायबलात ‘प्रमुख अधिपती’ असा अर्थ आहे, तर १८८५च्या सुधारित आवृत्तीत रोश हा पुन्हा मुलूख झाला. जर्मन इब्रीपंडित गेसेनियुस याने रोश म्हणजे रशिया या मतास विद्वत्तेचे वजन दिले, स्कोफील्डच्या १९०९च्या सटीप बायबलाने ते घरोघर पोहोचविले आणि हॅल लिंडसे याच्या १९७०च्या पुस्तकाने त्यास अण्वस्त्रांच्या युगात आणून बसविले. मेशेख म्हणजे मॉस्को व तुबाल म्हणजे तोबोल्स्क ही जोडणी केवळ कानाची आहे. ती दोन्ही शहरे मॉस्क्वा व तोबोल या नद्यांवरून नावे घेतात. शिवाय यहेज्केलाच्याच २७व्या व ३२व्या अध्यायांत मेशेख-तुबाल ही जोडी रोशवाचून येते, यावरून रोश हे राष्ट्र नसून पदवी असावी हेच अधिक संभवनीय वाटते.

अर्थ लावण्याच्या पद्धतींची नावे पुष्कळ आहेत, पण त्यांतील खरा भेद काळाविषयीचा आहे. भाकीत संदेष्ट्याच्या नजीकच्या काळात फळले, ते चर्चच्या इतिहासात क्रमाक्रमाने फळत आहे, ते संपूर्णपणे पुढे व्हावयाचे आहे, किंवा ते कोणत्याही एका काळाचे नसून देव व अधर्म यांच्या नित्य विरोधाचे रूपक आहे, असे चार पक्ष मांडले जातात. तिसऱ्या पक्षास धनुष्यबाण व घोडेस्वार यांचे आधुनिक शस्त्रांत रूपांतर करावे लागते, आणि अक्षरशः अर्थाचा आग्रह धरणाऱ्यांनीच हे करावे हा विसंगतीचा भाग त्यांच्या टीकाकारांनी वारंवार दाखवून दिला आहे.

यहुदी परंपरेत इब्री ‘गोग व मागोग’ या शब्दांच्या अक्षरांची संख्यात्मक बेरीज ७० होते, म्हणून ती जगातील सत्तर राष्ट्रे, असा अर्थ केला गेला, जो योहानाच्या अर्थापासून फारसा दूर नाही. मांडवसणाच्या आठवड्यातील शब्बाथी या भाकिताचा भाग सभास्थानांत वाचला जातो. नेपोलियनच्या स्वाऱ्यांच्या काळात पोलंडमधील काही हसीदी गुरूंनी त्याच्यात गोग पाहिला. मार्टिन बूबर याची याच नावाची कादंबरी त्या प्रसंगावर आहे.

इंग्लंडात या नावांची गत सर्वांहून निराळी झाली. बाराव्या शतकातील मॉनमथच्या जेफ्रीच्या इतिवृत्तात गोगमागोग नावाचा एकच राक्षस असून कॉरिनियस नावाचा वीर त्याचा समुद्रात कडेलोट करतो. कालांतराने त्या एकाचे दोन झाले व ते लंडन शहराचे रक्षक मानले जाऊ लागले. गिल्डहॉलमधील त्यांच्या १७०८ सालच्या लाकडी मूर्ती डिसेंबर १९४० मध्ये आकाशातून आलेल्या आगीत जळून गेल्या आणि १९५३ मध्ये त्यांच्या जागी नव्या बसविण्यात आल्या.