सिन-ए-यास आणि आपला उसाचा पट्टा

उर्दू आणि मराठीचे शब्द शेजारी ठेवून पाहायची मला शिकवता शिकवता सवय लागली. सत्तेचाळीसाव्या वर्षी ती माझ्यावरच उलटली. रात्री दोन वाजता घामानं जाग यायची, मग डोळ्याला डोळा लागत नसे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रजोनिवृत्ती आली जवळ. झोप पूर्ण करा, ताण कमी घ्या.

मराठीत 'निवृत्ती', जणू पेन्शन सुरू होणार. अम्मीच्या पिढीत नुसतं 'पाळी गेली' म्हणत. उर्दूत मात्र सिन-ए-यास, म्हणजे निराशेचं वय. सूरह तलाकमध्ये इद्दतीची मुदत सांगताना पाळीची आशा सुटलेल्या स्त्रियांचा उल्लेख येतो, त्यातलाच हा 'यास'. तिथं आशा सुटते ती फक्त पाळीची. पुढे बोलणाऱ्यांनी ती निराशा आख्ख्या बाईवर पसरवली. १५९५-९६ मध्ये मुघलांच्या वेढ्यात नगरचा किल्ला लढवणारी चांदबीबी पंचेचाळिशीच्या आसपास होती. निराशेचं वय म्हणे!

'मेनोपॉज' हा शब्द १८२१ मध्ये गार्दान नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं रूढ केला. १९४२ मध्ये अमेरिकेत गाभण घोड्यांच्या मूत्रापासून केलेली इस्ट्रोजेनची गोळी बाजारात आली आणि १९६६ मध्ये एका डॉक्टरनं पुस्तक लिहून ती तारुण्याचं औषध म्हणून खपवली. २००२ मध्ये तिथल्याच मोठ्या अभ्यासातला दोन हार्मोन एकत्र देण्याचा भाग मधेच थांबवावा लागला, स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढलेला दिसला म्हणून. सगळ्या जगानं धसका घेतला. पण त्या अभ्यासातल्या बायकांचं सरासरी वय त्रेसष्ट होतं. साठीच्या आतल्या, पाळी जाऊन दहा वर्षं न झालेल्या निरोगी बाईचा हिशेब वेगळा निघतो, हे नंतर उलगडलं. गोळी घ्यायची की नाही, हे ज्याचं त्याच्या डॉक्टरशी बोलून ठरतं.

हे सगळं मी वाचत होते तेव्हाच एका विद्यार्थ्याची आई दाखल्यासाठी आली. पाथर्डीकडची, ऊसतोडीला जाणारी. माझ्या हातातला पंखा पाहून हसली. "मलाबी असंच होतं बाई. चोवीसाव्या वर्षी पिशवी काढली, तव्हापासून."

चोवीस!

आपल्या जिल्ह्यात प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला, त्याचा इतिहास आपण मुलांना अभिमानानं शिकवतो. त्या उसाला हात लावणाऱ्या बाईचा धडा पुस्तकात नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल आधीच अंगावर. एक दिवस खाडा झाला की दंड, पाचशे रुपयांपर्यंत. पाळीतही खाडा नको, अंगावरून पांढरं जाण्याचा इलाज लांबतो, म्हणून पिशवीच काढून टाकायची. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारनं समिती नेमली. बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली, त्यात १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. खासगी दवाखान्यांना शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी सक्तीची झाली, ती या बोभाट्यानंतर.

पिशवी काढून अंडाशय ठेवलं तर हार्मोन चालू राहतात, फक्त पाळी जाण्याचं वय थोडं अलीकडे येऊ शकतं. अंडाशयंही काढली तर मला पाच-सात वर्षांत हळूहळू जे होतंय ते एका रात्रीत होतं, आणि हाडं ठिसूळ व्हायला लागतात. अशा तरुण बाईला, दुसरी काही अडचण नसेल तर, साधारण पन्नाशीपर्यंत हार्मोन द्यावेत असं आता वैद्यकशास्त्र सांगतं. मी त्या आईला विचारलं, अंडाशय ठेवलं की काढलं? तिला माहीत नव्हतं. कागद? "मुकादमानं पैसे दिले, कागद कुठला?"

मग मी, सवयीनं, झोपेचं विचारलं. ती म्हणाली, ट्रक रात्री एकला आला तर एकला भरायचा, पहाटे चारला पुन्हा फडात.

दाखला घेऊन ती गेली. दिवाळी झाली की टोळी निघणार होती. सोनोग्राफीत अंडाशय दिसतं, सरकारी दवाखान्यात दाखव, एवढं मी एका कागदावर लिहून तिच्या पिशवीत ठेवलं. पिशवी म्हणजे कापडाची.