उपनगरांतील घर आणि त्याचे कागद

आमच्या धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त निघणाऱ्या या पुस्तिकेंत देवळाचा, शाळेचा आणि धर्मगुरूंचा इतिहास यावयाचाच. परंतु ज्या कुटुंबांमुळें हें देऊळ रविवारीं भरतें, तीं कुटुंबें ज्या घरांत राहतात तीं घरें त्यांच्या हातीं कशीं आलीं, ही हकिकत सहसा कोणी लिहून ठेवीत नाहीं. बाप्तिस्मा, विवाह आणि मृत्यु यांच्या नोंदी देवळाच्या वह्यांत सांपडतात. घराची नोंद मात्र तलाठ्याच्या दप्तरांत, दुय्यम निबंधकाच्या कचेरींत आणि घरधन्याच्या लोखंडी कपाटांत विखुरलेली असते. ती चोख असली तर तिची आठवण कोणास होत नाहीं. ती सदोष असली तर मनुष्य बायकामुलांसह रस्त्यावर येतो. म्हणून वांद्र्यापासून विरारपर्यंतच्या पट्ट्यांत घर विकत घेणारा मनुष्य गेल्या शंभर-सव्वाशें वर्षांत वस्तुतः काय विकत घेत आला, हें पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे.

वसईच्या जुन्या वाड्यांत घर विकत घेण्याचा प्रसंग क्वचितच येई. बापाची जमीन मुलांत वांटली जाई आणि ज्याच्या वांट्यास जो तुकडा येई त्यावर तो आपलें घर उभें करी. जमिनीची किंमत केळीच्या लोंगरांवर आणि नारळांच्या संख्येवर ठरे. स्टेशन किती मिनिटांच्या वाटेवर आहे, हें कोणी विचारीत नसे. आगगाडी मात्र लवकर आली. १२ एप्रिल १८६७ रोजीं विरारहून बॅकबेपर्यंत पहिली उपनगरी गाडी धांवली. तथापि त्या गाडीनें आमच्या जमिनीचा भाव पालटण्यास पुढें शंभर वर्षांहून अधिक काळ जावा लागला.

मुंबईस लागून असलेल्या वांद्र्यास तेवढा अवधि मिळाला नाहीं. माहीमची खाडी ओलांडणारा रस्ता १८४५ सालीं खुला झाला. त्यासाठीं लेडी जमशेटजी यांनीं १ लाख ५७ हजार रुपये दिले होते, हें पुष्कळांस ठाऊक आहे. १८७६ सालीं तेथें नगरपालिका आली. परंतु वांद्र्याच्या शेतांचे खरे तुकडे पडूं लागले ते १८९६ च्या प्लेगानंतर. मुंबईच्या चाळींत मृत्यूनें थैमान घातलें, १८९८ सालीं सरकारनें शहर-सुधारणेसाठीं इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला, आणि ज्यांस परवडत होतें ते लोक हवेसाठीं खाडीपलीकडे पाहूं लागले. रानवर, चिंबई, पाली, शेर्ली या गांवठाणांतील मूळच्या ख्रिस्ती रहिवाश्यांच्या शेजारीं नवी वस्ती उभी राहूं लागली. या काळीं विकत घेणारा जमीन घेत असे. मोजणी, चतुःसीमा आणि खरेदीखत एवढ्यांत व्यवहार आटोपे, आणि घर हें मागाहून येई.

नोकरदार मनुष्यास मात्र हा मार्ग बंद होता. महिन्याच्या पगारावर जमिनीची पुरी रक्कम एकदम कोठून आणावी? या अडचणींतून जी युक्ति निघाली ती आमच्या मतें या सर्व इतिहासांतील अत्यंत शहाणपणाची होय. १९१२ च्या कायद्यानें पतपेढीखेरीज इतर कामांसाठींहि सहकारी संस्था काढण्याची मुभा मिळाली, आणि १९१५ सालीं श्रीपाद सुब्बराव तालमकी यांच्या खटपटीनें गांवदेवी येथें सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन झाली. जमीन व इमारत संस्थेची. सभासदाजवळ भाग, आणि भागामुळें राहण्याचा हक्क. तो दरमहा भरी ती रक्कम भाड्यासारखी दिसे, पण तींतून संस्थेचें कर्ज फिटत जाई. कोणी एकटा मालक नसल्यामुळें कोणी एकटा फसवूं शकत नसे. आमच्या ख्रिस्ती बांधवांनींहि हा धडा चटकन् उचलला. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास वांद्र्यास साष्टी कॅथलिक सहकारी गृहनिर्माण संस्था निघाली, आणि पगारदार कारकुनांस व शिक्षकांस स्वतःच्या छपराची आशा वाटूं लागली. एका जातीपुरती वा धर्मापुरती संस्था असावी काय, हा वाद तेव्हांपासूनचा आहे. अहमदाबादच्या एका पारशी संस्थेच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें २००५ सालीं असा नियम वैध ठरविला. कायदा काय म्हणतो हें त्यांत कळलें. शेजारधर्म काय म्हणतो, हा प्रश्न निराळा आहे, आणि त्याचें उत्तर ज्यानें त्यानें द्यावें.

पुढें दुसरें महायुद्ध आलें आणि जागांची टंचाई अतोनात वाढली. भाडेकऱ्यांचें रक्षण करण्यासाठीं १९४७ सालीं मुंबईचा भाडेनियंत्रण कायदा झाला, आणि १ सप्टेंबर १९४० रोजीं जें भाडें होतें तेंच सामान्यतः प्रमाण धरलें गेलें. हेतु निःसंशय चांगला होता, आणि कित्येक गरीब कुटुंबें त्यामुळें तगलीं. परंतु दर वर्षीं सर्व वस्तु महागल्या आणि भाडें मात्र जागच्या जागीं राहिलें, तेव्हां मालकास डागडुजी परवडेना आणि नवी चाळ बांधून भाड्यानें देण्याचा विचार कोणी करीना. जुन्या खोलीचा ताबा देतांना हातावर ठेवावयाची पागडी वाढत गेली. ती बेकायदेशीर असल्यामुळें तिची पावती नसे, आणि पावती नसल्यामुळें तिच्यावर भांडतां येत नसे. १९९९ च्या भाडेनियंत्रण कायद्यानें अखेर तिला मान्यता दिली, तोंपर्यंत दोन पिढ्या त्या अंधाऱ्या व्यवहारांतून गेल्या होत्या.

भाड्याचें घर मिळेनासें झालें म्हणूनच मालकीचा फ्लॅट जन्मास आला, ही गोष्ट विसरूं नये. येथें प्रथमच खरेदीदारानें अशी वस्तु विकत घेतली कीं जी डोळ्यांनीं दिसत नव्हती. पैसे आधीं, इमारत मागाहून, आणि जमीन कोणाची हें विचारण्याचें धैर्य पुष्कळांस होत नसे. तक्रारी वाढल्या तेव्हां राज्य सरकारनें १९६३ सालीं मालकी फ्लॅटांचा कायदा केला. बिल्डरानें जमिनीचे कागद दाखवावे, नोंदलेला करार केल्यावांचून किमतीच्या पंचमांशाहून अधिक रक्कम घेऊं नये, ठरल्या मुदतींत सहकारी संस्था स्थापावी, आणि संस्था नोंदल्यावर चार महिन्यांत जमीन व इमारत तिच्या नांवें करून द्यावी, असे त्याचे ठळक नियम. कायदा उत्तम होता. पाळला गेला तो अर्धा. संस्था पुष्कळ ठिकाणीं निघाल्या, परंतु जमिनीचें खरेदीखत राहून गेलें. सभासद वर्षानुवर्षें कर भरीत राहिले, आणि जमीन दप्तरीं मूळ मालकाच्या किंवा बिल्डराच्या नांवें पडून राहिली.

या दुर्लक्षाची किंमत तत्काळ कळली नाहीं. १९९१ च्या नियमावलीनें हस्तांतरणीय विकास हक्क आणले. शहरांत आरक्षणाखालीं गेलेल्या जागेच्या मोबदल्यांत मालकास मिळालेला बांधकामाचा हक्क उत्तरेकडील उपनगरांत नेऊन वापरतां येऊं लागला, आणि जुन्या दोनमजली इमारतीखालच्या जमिनीस एकदम सोन्याचा भाव आला. मग प्रश्न उभा राहिला: हें सोनें कोणाचें? पंचवीस वर्षें तेथें राहणाऱ्यांचें, कीं कागदावर नांव असलेल्या माणसाचें? शेवटीं २००८ सालीं कायद्यांत दुरुस्ती होऊन मानीव अभिहस्तांतरणाची सोय झाली. बिल्डर येत नसेल तर त्याच्यावांचून संस्थेस जमीन आपल्या नांवें करून घेतां येते. ज्या संस्थांनीं अद्याप ही गोष्ट केलेली नाहीं त्यांच्या सभासदांनीं या लेखाचा बाकीचा भाग मागाहून वाचावा.

आतां वसईकडे वळूं. १९५० व १९५७ सालीं मुंबई महानगरपालिकेची हद्द वाढत वाढत दहिसरपर्यंत आली आणि तेथें थांबली. १९७६ च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्यानें मुंबईंत मोकळ्या जागेची मर्यादा ५०० चौरस मीटर ठरविली. गरिबांस घरें मिळावींत म्हणून तो केला होता, परंतु मोठमोठ्या जागा वादांत अडकून पडल्या आणि घरांचा भाव चढला. दुसऱ्याच वर्षीं, १९७७ सालीं, हसमुख पारेख यांनीं घरासाठीं कर्ज देणारी एचडीएफसी ही संस्था काढली. तोंपर्यंत मध्यमवर्गीय मनुष्य भविष्यनिर्वाह निधि, आप्तांचें उसनें आणि पत्नीचे दागिने यांवर घर घेत असे. आतां पुढील पंधरा-वीस वर्षांचा पगार आज खर्च करतां येऊं लागला. शहरांत जागा नाहीं, हातीं कर्ज आहे, आणि खाडीपलीकडे जमीन स्वस्त आहे: या तीन गोष्टी जुळल्यावर विरारच्या गाडीनें सव्वाशें वर्षांपूर्वीं जें केलें नव्हतें तें दहा वर्षांत केलें.

१९८८ सालीं सरकारनें वसईच्या हरित पट्ट्यांतील हजारों हेक्टर जमीन बांधकामास मोकळी केली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकारानें हरित वसई संरक्षण समिति उभी राहिली, ती याच वेळीं. कित्येकांनीं तेव्हां असा समज करून घेतला कीं ही चळवळ बाहेरून घर शोधीत येणाऱ्यांच्या विरुद्ध आहे. तें खरें नव्हे. विहिरींचें पाणी टँकरानें इमारतींस विकलें जात होतें आणि विहिरी खाऱ्या होण्याची भीति होती. पाण्यावांचून फ्लॅट घेणारा आणि पाण्यावांचून वाडी राखणारा हे दोघेहि एकाच आडांत पडले होते. २००९ सालीं चार नगरपालिका आणि अनेक गांवें मिळून वसई-विरार महानगरपालिका झाली, तेव्हांहि गांवांनीं विरोध केला. त्या वादाची हकिकत स्वतंत्र लेखाची आहे.

जमीन विकणारे बहुतेक आमचेच लोक होते, हें सांगितल्यावांचून हा इतिहास प्रामाणिक होणार नाहीं. येथील सातबारा हा साधा कागद नव्हे. १ एप्रिल १९५७ या कृषक दिनापासून कुळें जमिनीचीं मालक झालीं; त्या जमिनींच्या विक्रीवर निर्बंध आले, आणि शेतकरी नसलेल्यास शेतजमीन घेण्याची सरसकट मोकळीक कधींच नव्हती. त्यांतून मुखत्यारपत्रांचें अरण्य माजलें. दुसरी गोष्ट आमच्या समाजाच्या विशेष जवळची आहे. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याप्रमाणें ख्रिस्ती मनुष्य मृत्युपत्र न करितां वारला तर मुलगा व मुलगी यांस सारखा वांटा मिळतो. विधवेचा एक तृतीयांश निराळा. असें असतां कित्येक व्यवहारांत भावांनीं सह्या केल्या आणि सासरीं गेलेल्या बहिणींस कोणी विचारलें नाहीं. किंवा हक्कसोडपत्रावर त्यांची सही घेतली, पण त्यांत काय लिहिलें आहे तें वाचून दाखविलें नाहीं. पुढें बहीण वा तिचीं मुलें उभीं राहिलीं म्हणजे ती भांडण भावाशीं करीत असते, परंतु झोप उडते ती तिसऱ्या मजल्यावर हप्ते भरणाऱ्या परक्या कुटुंबाची. बहिणीचा हक्क बुडविणें हा अन्याय. आणि तो अन्याय इमारतीच्या पायांत पुरला कीं त्यावर चोवीस बिऱ्हाडें उभीं राहतात.

याहून भयंकर प्रकार नालासोपाऱ्यास झाला. पूर्वेकडील ४१ अनधिकृत इमारती उच्च न्यायालयाच्या हुकुमानें २०२४ च्या अखेरीस व २०२५ च्या आरंभीं पाडण्यांत आल्या. ती जमीन सांडपाणी शुद्धीकरण व कचराभूमीसाठीं राखलेली होती. तेथें राहणाऱ्या शेंकडों कुटुंबांनीं पैसे मोजले होते, कित्येकांजवळ कागदहि होते. पण ज्या परवानगीवर ती इमारत उभी असावयास हवी होती, तीच नव्हती. भाव कमी कां आहे, हा एक प्रश्न त्या घरांनीं कोणास तरी विचारावयास लावला असता तर बरें झालें असतें. परंतु ज्याच्यापुढें दुसरें घर नाहीं तो प्रश्न विचारीत नाहीं, आणि त्यास दोष देणें आम्हांस जड जातें. दोष इमारत उठत असतां पाहत बसलेल्यांचा अधिक.

१ मे २०१७ पासून महाराष्ट्रांत रेरा कायद्याचा अंमल पूर्णपणें सुरू झाला. त्यानें नोंदणीवांचून जाहिरात बंद केली, करारापूर्वीं घ्यावयाची रक्कम दशांशावर आणली, खरेदीदारांच्या पैशांपैकीं ७० टक्के निराळ्या खात्यांत ठेवावयास लावले, आणि जिना, गच्ची व भिंती मिळवून फुगविलेल्या क्षेत्रफळाऐवजीं चटईक्षेत्रावर विक्री करण्याचें बंधन घातलें. महारेराच्या दप्तरांत कोणत्याहि प्रकल्पाचे मंजूर नकाशे, जमिनीवरील बोजे आणि दावे घरबसल्या पाहतां येतात. आमच्या आजोबांस यासाठीं तालुक्याच्या कचेरींत चार खेपा घालाव्या लागल्या असत्या.

परंतु ५०० चौरस मीटरांपर्यंतच्या जागेवरील वा आठांहून अधिक सदनिका नसलेली इमारत या नोंदणींतून सुटते, आणि आमच्या गांवांत वाडी मोडून जी इमारत निघते ती पुष्कळदां एवढीच असते. तिच्या खरेदीदारास महारेराचें दप्तर कांहींच सांगणार नाहीं. त्यानें सातबारा व फेरफार तलाठ्याकडून स्वतः काढावे, तीस वर्षांचा शोध वकिलाकडून करवावा, बिनशेतीचा हुकूम आणि बांधकामाची परवानगी देणाऱ्या कचेरीची मूळ प्रत पाहावी, आणि विकणाऱ्याच्या बहिणी किती व कोठें दिल्या आहेत याची चौकशी गांवांत करावी.