जात्याचा खुंटा आणि अलिफ

रिसाला, पलटण, तोफखाना, पेन्शनपुरा, सदर बाजार. हिंगोलीतल्या या मोहल्ल्यांची नावं आजही रोजच्या तोंडात आहेत. निजामाच्या मुलखात इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली हैदराबाद कंटिंजंट नावाची फौज असे, तिची एक छावणी आमच्या गावात होती. १९०३ साली ही फौज हिंदी सैन्यात मिसळली आणि छावणी उठली. घोडे गेले, तोफा गेल्या. पेन्शनीत निघालेली माणसं मात्र इथंच राहिली, माझे पणजोबा त्यांतलेच. छावणीनं गोळा केलेली नाना जातिधर्मांची घरं भिंतीला भिंत लावून वसली, ती तशीच राहिली.

चौतीस वर्षं मी जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत शिकवलं. गावाच्या इतिहासात फौज सापडते, लढाया सापडतात, दसरा सापडतो. या भिंतींच्या आडून बायकांनी एकमेकींना काय शिकवलं, ते कुठंच लिहिलेलं नाही. ते शिक्षण होतं असं कोणाला वाटलंच नाही. मला वाटतं, म्हणून माझ्या घरापुरतं तरी लिहून ठेवते.

आम्मी १९४२च्या सुमारास लग्न होऊन रिसाल्यात आली. आमच्या घरचं जातं तेव्हा तडकलेलं होतं. शेजारच्या काकूंच्या पडवीत मोठं जातं होतं, दोघींनी ओढायचं. पहाटे चारला आम्मी ज्वारीचं सूप घेऊन तिथं जायची. सुरुवातीला काकूंचं दळण वेगळं, आम्मीचं वेगळं, मध्ये जातं पुसून घ्यायचं. काही महिन्यांनी काकूच म्हणाल्या, "भाभी, एकटीनं किती ओढता? धरा हिकडून." तेव्हापासून दोघी समोरासमोर बसू लागल्या. एकच खुंटा, त्यावर खाली काकूंची मूठ, वर आम्मीची. लहानपणी मी तो खुंटा पाहिलाय. घामानं काळा पडलेला, चिंचोक्यासारखा गुळगुळीत.

काकू ओवी म्हणायच्या, आणि ओवीत जनी यायची. आम्मीनं एकदा विचारलं, ही जनी कोण? काकूंनी सांगितलं: गंगाखेडची पोर, नामदेवांच्या घरची दासी. आणि नामदेव तर आपल्या शेजारच्या नरसीचे. जनी दळायला बसली की विठोबा येऊन खुंटा धरायचा. आम्मीला हे लगेच पटलं. तिनं काकूंना सांगितलं, आमच्यातही जात्यावरचं गाणं आहे, माझी आजी म्हणायची. हा खुंटा उभा आहे ना, तो अलिफ. अलिफ म्हणजे अल्ला. मधली खीळ म्हणजे पैगंबर. खीळ नसेल तर वरची तळी फिरणार कशी? आणि तिनं जात्याभोवती सांडलेल्या पिठात बोटानं एक उभी रेघ ओढून दाखवली.

काकूंना अक्षरओळख नव्हती. आयुष्यातलं पहिलं अक्षर त्या ज्वारीच्या पिठात शिकल्या, आणि ते अलिफ होतं.

निवृत्तीनंतर रिचर्ड ईटन या अमेरिकी इतिहासकाराचं लेखन माझ्या वाचनात आलं, तेव्हा मी उठून दार लावून घेतलं आणि रडले. विजापूरच्या सूफींवर अभ्यास करताना त्यांनी सतराव्या-अठराव्या शतकांतले दखनी 'चक्कीनामे' आणि 'चरखानामे' तपासले होते. बायकांनी दळताना, सूत कातताना म्हणायची ही गाणी. अवघड ग्रंथांतला विचार सूफींनी त्यात सोप्या दखनीत घातलेला. खुंटा म्हणजे अलिफ, खीळ म्हणजे पैगंबर, हे सगळं त्यात आहे. अशी दखनी हस्तलिखितं जमवण्याचं मोठं काम हैदराबादेत डॉ. मोहिउद्दीन कादरी 'जोर' यांनी केलं, त्यांची इदारा-ए-अदबियात-ए-उर्दू ही संस्था १९३१ची. आमची आम्मी कधी त्या संस्थेच्या दारात गेली नाही. तिच्याकडे ते आजीच्या तोंडून आलं होतं.

ईटन यांचं म्हणणं असं की खेड्यापाड्यांतल्या घरांत सूफी विचार गेला तो मुख्यतः बायकांच्या गाण्यांतून. मला त्यात एवढीच भर घालायचीय की त्याच जात्यावर समोरून जनीही येत होती. पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी हजाराहून जास्त गावांतून एक लाखाच्या वर ओव्या जमवल्या, त्यांत आमच्या शेजारच्या परभणी जिल्ह्यातल्याही बायका आहेत. त्या ओव्या आणि हे चक्कीनामे शेजारी ठेवून कोणी तरी वाचावेत, ही माझी कळकळीची इच्छा आहे. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी 'योगसंग्राम' लिहिला, त्यामुळे त्यांचं नाव राहिलं. पिठात ओढलेली रेघ झाडूनं निघून गेली.

निजामी राज्यात कचेरीची भाषा उर्दू. काकूंच्या घरी शेताच्या वाटणीचा वाद चालला होता, नोटिसा उर्दूतून यायच्या. घरची माणसं शेतावर असली की काकू कागद घेऊन आम्मीकडे यायच्या. आम्मीला लहानपणी घरी येणाऱ्या उस्तानीनं उर्दू आणि कुराण शिकवलं होतं. ती कागद वाचून मराठीत सांगायची. काकू तोवर कागदावर बोट फिरवत अलिफ शोधत बसायच्या.

मग ४७-४८चं साल आलं. रझाकारांच्या भीतीनं काकूंचं घर पैनगंगेपलीकडे उमरखेडच्या बाजूला गेलं. जाताना घराची किल्ली आम्मीकडे. सप्टेंबर १९४८मध्ये पोलीस ॲक्शन झाली, काकू परत आल्या, आणि काही दिवसांत आमच्या लोकांना घर सोडावं लागलं. त्या वेळी आमची किल्ली काकूंकडे. त्या महिन्यांबद्दल दोघी माझ्यासमोर कधी बोलल्या नाहीत. किल्ल्यांचं मात्र दोघी सांगायच्या, दोघी अगदी सारखंच सांगायच्या.

१९५६ला भाषावार प्रांत झाले, मराठवाडा मुंबई राज्यात गेला, आणि कचेरीत मराठी आली. आता कागद मराठीतून येऊ लागले आणि ते घेऊन आम्मी काकूंच्या दारात उभी राहू लागली. काकूंची नवी सून चौथी शिकलेली होती, ती वाचून दाखवायची. पुढं त्याच सुनेनं आम्मीला पाटीवर बाराखडी शिकवली. मी तेव्हा पहिलीत होते. आम्मी आणि मी एकाच पाटीवर एकाआड एक 'क' काढायचो.

एक गोष्ट लपवून ठेवणार नाही. काकूंनी आमच्या घरचं शिजवलेलं अन्न शेवटपर्यंत खाल्लं नाही. सोवळ्याची रीत. तरुणपणी मला याचा फार राग यायचा. आम्मीला येत नसे, किंवा ती तसं दाखवत नसे. मोहरममध्ये चोंग्यांसाठी गूळ आणि गव्हाचं पीठ काकूंकडून यायचं, सरबत मात्र त्या स्वतःच्या आडाच्या पाण्याचं करायच्या. करबल्याची हकीकत आम्मीनं त्यांना दहा रात्रींत सांगितली होती. हुसैनच्या तान्ह्या अली असगरला पाणी मिळालं नाही, हे ऐकल्यावर काकूंनी विचारलं, "लेकराला बी नाही?" आणि पुढच्या मोहरमपासून त्यांच्या ओट्यावर रांजण आला. दहा दिवस कोणीही यावं, पाणी प्यावं. सवारी निघाली की त्या रस्त्यावर घागर ओतायच्या. माझा राग आणि तो रांजण, दोन्ही माझ्याजवळ आहेत. एकानं दुसरं पुसलं गेलेलं नाही.

साठच्या दशकात सरकारी दवाखान्यात एक ख्रिस्ती नर्स बदलून आली. आमच्याच गल्लीत खोली घेतली. सगळे तिला सिस्टरबाई म्हणत. ती जालन्याची. जालन्याला नारायण शेषाद्री यांनी एकोणिसाव्या शतकात मिशनचं काम उभं केलं, बेथेल नावाची वस्ती वसवली. तिच्या घराण्याची मुळं त्या वस्तीत होती. तिच्या पेटीत मराठी बायबल होतं, पंडिता रमाबाईंनी केलेलं. साध्या बाईला कळावं म्हणून रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि सोप्या मराठीत भाषांतर केलं. १९२२ला त्या वारल्या, पुस्तक त्यानंतर १९२४ला निघालं.

एका डिसेंबरात दुपारी तिघी आमच्या ओट्यावर ज्वारी निवडत होत्या. सिस्टरबाईंनी येशूजन्माची गोष्ट वाचून दाखवली: सराईत जागा नाही, मूल गव्हाणीत ठेवलं. आम्मी ऐकत होती. म्हणाली, आमच्या कुराणात मरियमच्या नावाची अख्खी सूरा आहे. त्यात ती एकटी, गावापासून लांब. कळा सुरू झाल्या तेव्हा खजुरीच्या बुंध्याला टेकली. मेले असते तर बरं, म्हणाली. तेव्हा आवाज आला, घाबरू नको, पायाशी झरा आहे, बुंधा हलव, ताजे खजूर पडतील, खा, पी.

सिस्टरबाईंनी हे कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं आणि आम्मीला पुन्हा सांगायला लावलं. दोघींच्या गोष्टी जुळत नव्हत्या, मग खरी कोणती यावर थोडं बोलणं ताणलं गेलं. काकू इतका वेळ गप्प होत्या. गल्लीतली निम्मी लेकरं त्यांच्या हातावर जन्मलेली. त्या म्हणाल्या, "जागा कुठली का असंना. बाळंतिणीला खजूर दिला, पाणी दिलं, हे बराबर हाय. आपण बी खारीकच देतो की." सिस्टरबाईंनी मान हलवली आणि त्यानंतर दवाखान्यात येणाऱ्या आमच्याकडच्या बायकांना त्या मरियमच्या खजुराची आठवण करून द्यायला लागल्या. घाबरलेल्या पहिलटकरणीला त्या गोष्टीनं धीर यायचा, असं त्या आम्मीला येऊन सांगत.

युरोपात या शतकाच्या सुरुवातीला ख्रिस्ती आणि मुस्लीम पार्श्वभूमीच्या बायकांनी असा अभ्यास रीतसर सुरू केला. झुरिकजवळच्या बोल्डर्न केंद्राच्या राइनहिल्ड ट्राइटलर त्यात पुढं होत्या. निरनिराळ्या शहरांत जमायचं, एकमेकींच्या प्रार्थना, पुस्तकं, घरं जवळून पाहायची. हे वाचलं तेव्हा मला आमचा ओटा आठवला. पुण्यातलं उदाहरण तर त्याही आधीचं. सिंथिया फरार या अमेरिकी मिशनरी बाईची नगरची मुलींची शाळा पाहून जोतीरावांना शाळेची प्रेरणा झाली, सावित्रीबाई शिक्षिका झाल्या, आणि १० ऑक्टोबर १८५६च्या त्यांच्या पत्रात शाळेतल्या सहकारी फातिमाची काळजी दिसते. त्यांचं काम शाळेचं होतं, म्हणून त्याचे कागद राहिले.

सदर बाजारात पिठाची गिरणी आली तसं जातं मागं पडलं. टाकी लावणारा यायचा बंद झाला. पडवीत वरच्या तळीवर काकूंची सून धुण्याचा साबण ठेवायची. काकू गेल्या, मग सिस्टरबाई बदलून गेल्या, मग आम्मी.

गेल्या वर्षी काकूंच्या पणतीचं लग्न होतं. हळद दळायला जातं बाहेर काढलं, धुतलं, खुंट्याला हळकुंड बांधलं. मला बोलावणं होतं. सुवासिनींनी हात लावला, जनीची ओवी झाली, मग सगळ्या माझ्याकडे पाहू लागल्या. "मावशी, तुमच्या आम्मीचं गाणं म्हणा." मी सुरू केलं. अलिफची ओळ म्हटली, खिळीची म्हटली, आणि पुढं अडले. आम्मीच्या तोंडून शेकडो वेळा ऐकलेली तिसरी ओळ काही केल्या आठवेना.

कोपऱ्यात खुर्चीवर काकूंची सून बसली होती, आता ऐंशी पार केलेली, आम्मीला बाराखडी शिकवणारी. डोळे मिटून, दखनीतली ती तिसरी ओळ तिनं म्हटली, सासूच्या चालीवर, आणि मी तिच्यामागून म्हणत गेले.