जामसांवली : दर्शन, फिरणं आणि सावलीचा प्रश्न

सौंसर, पांढुर्णा, नरखेड, काटोल, सावनेर... या पट्ट्यात सुटीच्या दिवशी लेकरांना घेऊन कुठं जायचं म्हटलं, की बहुतेक घरांत एकच नाव निघतं, जामसांवली. दर्शन होतं, डबा सुटतो, पोरं मोकळी खेळतात. बाग म्हणा, सहल म्हणा, सीमेच्या दोन्ही बाजूंच्या मराठी माणसाची ही हक्काची जागा.

मंदिर
जामसांवली सौंसर तहसीलमध्ये, जाम नदीकाठी आहे. पिंपळाखालची हनुमंताची मूर्ती निद्रावस्थेत आहे, हे इथलं वैशिष्ट्य. मूर्ती आधी उभी होती, चोरांपासून धन राखायला देव आडवा झाला, अशी आख्यायिका जुनी माणसं सांगतात. मंगळवार, शनिवार आणि हनुमान जयंतीला मोठी गर्दी असते.

हनुमान लोक
24 ऑगस्ट 2023 रोजी तत्कालीन मुख्यमंत्री शिवराजसिंह चौहान यांच्या हस्ते ‘श्री हनुमान लोक’चं भूमिपूजन झालं. पांढुर्णा जिल्ह्याची घोषणाही त्याच दिवशी झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पांढुर्णा आणि सौंसर या तहसीलांचा नवा जिल्हा अस्तित्वात आला. हनुमान लोकचा आराखडा सुमारे 26 एकरांचा आणि 314 कोटी रुपयांचा. त्यात 500 मीटरचा चिरंजीवी पथ, मोठी प्रांगणं, खुलं नाट्यगृह आणि नदीकाठची पायवाट आहे.

प्रश्न सावलीचा
आराखड्यात चालायला जागा भरपूर आहे. पण मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशी केव्हाच ओलांडतो, आणि देवाच्या दारी माणूस अनवाणी चालतो. तापलेल्या फरशीवर म्हाताऱ्या माणसानं 500 मीटर कसं चालावं? दुखणाईत माणूस घेऊन कित्येक दिवस मुक्काम करणारी कुटुंबंही इथं असतात. त्यांच्यासाठी सावली, बसायला ओटा आणि प्यायचं पाणी ही चैन नव्हे, गरज आहे.

उज्जैनचं उदाहरण ताजं आहे. महाकाल लोकचं लोकार्पण ऑक्टोबर 2022 मध्ये झालं, आणि 28 मे 2023 च्या वादळात सप्तर्षींच्या सातपैकी सहा मूर्ती कोसळल्या. मूर्ती नव्यानं बसवता येतात. वड, पिंपळ, कडुनिंब मात्र सावली द्यायला वर्षानुवर्षं घेतात. म्हणून झाडं दगडकामासोबतच लागली पाहिजेत, आणि उभी आहेत ती राखली पाहिजेत. शेवटी इथला देवही पिंपळाच्याच सावलीत निजला आहे!

जाण्याआधी
- रस्ता : नागपूरहून सावनेर-सौंसर मार्गे. पांढुर्ण्याकडून येणाऱ्यांसाठी सौंसर रस्ता.
- रेल्वे : इतवारी-छिंदवाडा मार्गावर सौंसर, तर नागपूर-इटारसी मार्गावर पांढुर्णा. पुढं रस्त्यानं.
- वेळ : फिरायचं असेल तर हिवाळ्यातली सकाळ बरी. उन्हाळ्यात दहाच्या आत दर्शन आटपा. गर्दी नको असेल तर मंगळवार-शनिवार टाळा.
- पावसाळा : वर पाऊस झाला की नदी पाहता पाहता फुगते. लेकरांना पाण्यात सोडू नका.
- डब्याचा कचरा, पत्रावळ्या आणि संत्र्याची सालं नदीकाठी टाकू नका. पुढच्या रविवारी आपल्यालाच तिथं बसायचं आहे.