दाढेच्या खड्ड्यातली गुठळी

लोंढ्याच्या माणसाची अडकलेली अक्कलदाढ ठणकू लागली की तो बेळगावची गाडी धरतो. पन्नासेक किलोमीटरचा प्रवास. बेळगावात केएलईचे 1985 सालचे दंतमहाविद्यालय आहे, मराठा मंडळाचेही आहे. हल्ली कित्येक दंतशल्यचिकित्सक दाढ काढताना रोग्याच्याच हाताचे थोडे रक्त काढतात, ते यंत्रात फिरवतात आणि त्यातून निघालेला पिवळसर, लिबलिबीत गोळा दाढेच्या खड्ड्यात बसवून टाके घालतात. या गोळ्याला पीआरएफ (प्लेटलेट-रिच फायब्रिन) म्हणतात.

हाडातली पोकळी भरण्याच्या या विद्येचे कूळ जुने आणि थोडे विचित्र आहे. कवटी फुटलेल्या एका रशियन सरदाराला कुत्र्याच्या कवटीचा तुकडा बसवल्याची हकिकत डच शल्यचिकित्सक योब व्हान मेकेरेन याच्या ग्रंथात 1668 साली छापली गेली. हाड जुळले, पण चर्चने त्या सरदाराला बाहेर काढले म्हणतात! पुढची तीन शतके हाडाच्या जागी हाडच भरावे, हीच समजूत प्रबळ होती. 1965 साली अमेरिकेत मार्शल युरिस्ट यांनी क्षार काढून टाकलेले हाड प्राण्यांच्या स्नायूत ठेवले, तर तिथे नवे हाड तयार झाले. हाड घडवण्याचा निरोप देणारी प्रथिने हाडातच असतात, हे त्यातून कळले.

रक्ताची शाखा वेगळी. व्हिएन्नाच्या हेलेन मात्रास यांनी 1970 साली फायब्रिनचा, म्हणजे रक्ताची गुठळी बांधणाऱ्या प्रथिनाचा, डिंक जखमेसाठी वापरला. 1998 मध्ये अमेरिकेतल्या रॉबर्ट मार्क्स यांनी जबड्याच्या 88 रोग्यांवरचा अभ्यास मांडला. रोग्याच्याच रक्तातल्या प्लेटलेट (रक्त गोठायला मदत करणाऱ्या बारीक पेशी) एकवटून त्या हाडाच्या कलमात मिसळायच्या, ही त्यांची पद्धत. पण रक्त गोठू नये म्हणून एक औषध आणि नंतर गोठावे म्हणून गाईचे थ्रॉम्बिन, असा उलटसुलट खटाटोप त्यात होता.

2001 साली फ्रान्सच्या जोसेफ शुक्रून यांनी तो सगळा खटाटोप काढून टाकला. ते मूळचे भूलतज्ज्ञ. रक्त काचेच्या नळीत घ्यायचे, काही न मिसळता लगेच मिनिटाला सुमारे 2700 ते 3000 फेऱ्यांनी दहा-बारा मिनिटे फिरवायचे. काच लागताच रक्त गोठू लागते. तळाशी तांबड्या पेशी, वर पाण्यासारखा रस आणि ताकातल्या लोण्याप्रमाणे मधे फायब्रिनचा गोळा. त्यात अडकलेल्या प्लेटलेट वाढीला चालना देणारी प्रथिने काही दिवस हळूहळू सोडत राहतात. रक्त काढल्यावर रेंगाळलात तर ते नळीत कसेही गोठते आणि नीट गोळा बसत नाही. या कुळातली माझ्या मते सर्वात शहाणी पायरी हीच. महागडी बाटली नको, एक छोटे यंत्र आणि चपळ हात पुरतात.

मात्र जाहिरातींत सांगतात तितके सगळे सिद्ध झालेले नाही. अक्कलदाढेनंतरचे दुखणे आणि खड्डा कोरडा पडून होणारा त्रास पीआरएफने कमी होतो, असे बरेच अभ्यास सांगतात. हाड लवकर भरते का, यावर निष्कर्ष एकमुखी नाहीत. आणि दाढ काढल्यावर खड्ड्यात आपोआप बनणारी मूळ गुठळी टिकवणे तर रोग्याच्याच हाती असते. निपाणीच्या तंबाखूचा हा मुलूख. बिडी ओढताना तोंडात जी ओढ लागते तिने गुठळी सुटू शकते, आणि धूम्रपान करणाऱ्यांत खड्डा कोरडा पडण्याचे प्रमाण जास्त असते. दाढ काढल्यावर निदान तीन दिवस बिडी, तंबाखू आणि मिश्री दूर ठेवा, गोळा घातला असो वा नसो.