एका आकड्याची दुरुस्ती

संगणकाचा इतिहास म्हटला की श्रोत्यांस मोठमोठी यंत्रे आठवतात. आम्ही आज त्यातले एक अगदी किरकोळ काम घेणार आहो. प्रत्येक संगणकात साध्या मजकुराच्या काही फायली असतात. एका वेळी किती जणांस आत घ्यावे, स्मृती किती वापरावी, अशा गोष्टी त्यांत ओळीओळीने लिहिलेल्या असतात. डावीकडे नाव, उजवीकडे मूल्य. त्यातला एखादा आकडा बदलावयाचा, आणि तोही माणूस समोर न बसता, आधी लिहून ठेवलेल्या आज्ञांनी. अशा आज्ञांच्या यादीस शेल-स्क्रिप्ट म्हणतात. शेल हा माणूस आणि यंत्र यांमधला दुभाषी. यात इतिहास तो कोणता?

१९६६ साली मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत घडलेली हकिकत पाहा. तेथे सीटीएसएस नावाच्या व्यवस्थेत एकाच यंत्रावर अनेक माणसे एकाच वेळी काम करीत. एक व्यवस्थापक परवलीच्या शब्दांची फाईल दुरुस्त करीत होता. दुसरा, आत येणाऱ्या प्रत्येकास दिसणारी दिवसाची सूचना लिहीत होता. मजकूर दुरुस्त करणारा कार्यक्रम आपली कच्ची प्रत नेहमी एकाच ठरलेल्या नावाने ठेवी. दोघांच्या कच्च्या प्रती एकमेकींच्या जागी गेल्या, आणि जो कोणी यंत्राशी जोडला जाई त्याच्यापुढे सूचनेऐवजी सगळ्यांचे परवलीचे शब्द छापून येऊ लागले! दोघांपैकी एकानेही चुकीचे अक्षर लिहिले नव्हते. घोटाळा झाला तो नवी प्रत जुनीच्या जागी ठेवताना. आणि आमच्या मते या साऱ्या कामातली खरी अडचण तेथेच आहे.

१९६९ साली बेल प्रयोगशाळेत युनिक्सचा जन्म झाला. केन थॉम्पसन यांनी त्यासाठी ‘एड’ हा संपादक लिहिला. त्या वेळी समोर पडदा नव्हता, कागदावर सेकंदाला दहा अक्षरे खडखडवणारा दूरटंकक होता; म्हणून आज्ञा एकेका अक्षराच्या. अक्षरांची ही कंजुषी आजही टिकून आहे. पुढे १९७३-७४ च्या सुमारास ली मॅकमहन यांनी ‘सेड’ लिहिला. एका बाजूने ओळ आत घ्यावी, सांगितलेला बदल करावा, दुसऱ्या बाजूने बाहेर सोडावी, एवढेच तो जाणतो. फाईल केवढीही असो, त्यास फिकीर नाही.

मात्र मूळ फाईलीस तो हात लावीत नाही. नवशिका मग त्यातून निघणारा मजकूर त्याच फाईलीत वळवतो. शेल आधी ती फाईल रिकामी करतो आणि मगच सेडला हाक मारतो. वाचावयास उरतेच काय? म्हणून जाणत्यांनी रीत घातली: नवी प्रत वेगळ्या नावाने लिहावी, ती पाहावी, आणि मग तिचे नाव बदलून जुनीच्या जागी बसवावी. एकाच डिस्कवर हे नामांतर एका फटक्यात होते. अर्धवट फाईल कोणाच्या दृष्टीस पडत नाही. त्या कच्च्या प्रतीच्या नावात चालू कामाचा क्रमांक घालावा, म्हणजे दोघांची टक्कर होत नाही. सीटीएसएसच्या घोटाळ्यावरचा उतारा तो हाच. पण तो क्रमांक आधी ताडता येतो, आणि खोडसाळ माणूस त्याच नावाची फाईल आधीच मांडून बसतो. त्यासाठी अंदाज न बांधता येणारी नावे देणारी साधने निघाली.

आणखी दोन खाचखळगे सांगितले पाहिजेत. सेडच्या भाषेत टिंब म्हणजे कोणतेही एक अक्षर, १.५ शोधावयास जावे तर १२५ ही हाती लागते. दुसरे, नव्या प्रतीस जुनीचे परवाने आपोआप मिळत नाहीत. एकट्या व्यवस्थापकाने वाचावयाची फाईल एका आकड्याच्या दुरुस्तीनंतर सर्वांस खुली होऊ शकते.

आता ग्नू सेडमध्ये ‘जागच्या जागी’ बदल करण्याची सोय आहे. नावावर जाऊ नये. आत कच्ची प्रत आणि नामांतर हाच जुना व्यवहार चालतो. परवाने तेवढे तो जपतो. पण ते नाव म्हणजे दुसरीकडच्या खऱ्या फाईलीकडे बोट दाखवणारी खूण असेल, तर एरवी त्या खुणेच्या जागी नवी फाईल येऊन बसते, आणि खऱ्या फाईलीत जुनाच आकडा राहतो.