पोळा दोन चाकांचा

यवतमाळ जिल्ह्याचा इतिहास लिहिणाऱ्यांनी तसा कोणावर अन्याय केलेला नाही. त्यात १९३० चा पुसदचा जंगल सत्याग्रह आहे, वणीचे लोकनायक बापूजी अणे आहेत, गहुलीचे वसंतराव नाईक आहेत, आणि मूर्तिजापूरहून यवतमाळला चालत (हो, जवळजवळ चालतच) येणारी शकुंतला रेल्वेही आहे. पण या जिल्ह्यात मोटरसायकली पुसण्यापायी जे मनुष्यबळ खर्ची पडले, त्याबद्दल एक ओळ नाही. ज्या श्रमांतून एखादे धरण उभे राहिले असते, ते श्रम मडगार्डात जिरले. तरी इतिहास गप्प! ही उणीव कोणीतरी भरून काढायलाच हवी.

खरे म्हणजे आमच्याकडे मोटरसायकल येण्याआधीच तिची निगा राखण्याचे शास्त्र तयार होते. ते पोळ्याचे. आदल्या दिवशी बैलाचे खांदे हळद-तुपाने चोळायचे, पोळ्याला त्याला नदीवर नेऊन धुवायचे, शिंगांना हिंगूळ, त्यावर बेगड, अंगावर झूल, गळ्यात घुंगरमाळ. मग सगळ्या गावाने ज्याच्या त्याच्या जोडीकडे पाहून धन्याची ऐपत ठरवायची. पुढे १९५५ साली मद्रासला एनफिल्ड इंडिया निघाली, साठीच्या दशकात म्हैसूरची जावा आणि फरिदाबादची राजदूत रस्त्यावर आली, आणि वऱ्हाडी माणसाने झूल काढून टाकीवर घातली. फरक एवढाच, की बैलाचा पोळा वर्षातून एकदा. मोटरसायकलचा रोज सकाळी सात वाजता.

१९७२ साली राज्यात कापसाची एकाधिकार खरेदी सुरू झाली. चुकारे हप्त्याहप्त्याने यायचे. अशाच दोन-तीन हप्त्यांतून दारव्ह्याच्या बाजूला राहणाऱ्या आमच्या मामांनी राजदूत घेतली. ‘बॉबी’ पिक्चर १९७३ चा. त्यातली ती बुटकी राजदूत पाहून पोरे वेडी झाली होती. पण मामांनी दोन पोती आणि एक मामी बसेल अशी मोठी, एकशे पंचाहत्तर सीसीची घेतली. पैसे हप्त्याने आले, गाडी उशिरा आली, धूळ मात्र पहिल्या दिवसापासून रोख!

आमची काळी माती ही मोटरसायकलची सख्खी वैरीण. उन्हाळ्यात भेगाळते आणि पिठासारखी उडते. पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि मडगार्डाखाली अशी चिकटते, की चाक फिरेनासे होते. त्या मातीत बारीक कचही असते. म्हणून मामांचा पहिला कायदा होता, “आधी पानी टाक, मंग फडकं फिरव. सुकी धूळ पुसनं म्हंजे रंगावर रंधा मारनं हाय.” मामा सातवी पास; पण या एका वाक्यात रंगाचे सगळे शास्त्र आले. शोरूमचा रंग गाडी चालवून जात नाही, तो कोरड्या फडक्याने जातो.

दुसरा कायदा क्रोमचा. क्रोम म्हणजे लोखंडावर निकेल आणि त्यावर केसाहून कितीतरी पातळ मुलामा. त्याला बारीक छिद्रे असतात. ओल तिथून आत शिरते आणि लोखंडाचा गंज पुरळासारखा वर येतो. म्हणून धुतल्यावर गाडी कोरडी पुसायची, हँडल आणि स्पोकांना तेलाचा नुसता हात लावायचा. गॅरेजवाले याच्या पुढे जात. ते डिझेलात जळके ऑइल मिसळून खालून फवारून देत. लोखंड खूश व्हायचे, रबर नाराज, आणि धूळ तर माहेरी आल्यासारखी ऐसपैस बसायची.

मामी हे सगळे ओसरीतून पाहत. एकदा म्हणाल्या, “गाडीचं नाक रोज पुसता, लेकरायचं कोन पुसन?” मामांनी फडके लेकरांकडेही वळवले, पण ते ऑइलचे निघाल्यामुळे मामींनी ती सूचना कायमची मागे घेतली.

गंमत म्हणजे गाडीचे जास्तीत जास्त नुकसान तिच्या संरक्षकांनीच केले आहे. मे महिन्यात आमच्याकडे पारा पंचेचाळिसाच्या आसपास. त्या उन्हात लाल रंग बघता बघता गुलाबी होतो. म्हणून गाडी निंबाखाली लावावी, तर वर कावळा. त्याचा प्रसाद आंबट. तासन्‌तास उन्हात वाळला तर रंगावर डाग पाडून जातो. रंग झिजू नये म्हणून टाकीला रेक्झिनचे कव्हर शिवले, तर पावसाचे पाणी त्याच्या आत मुक्कामाला, आणि दोन वर्षांनी कव्हर नवे आणि टाकी जुनी. दसऱ्याला घातलेला झेंडूचा ओला हार दिवाळीपर्यंत काढायचा नाही हीसुद्धा श्रद्धाच. त्याखालचा डाग पुढच्या दसऱ्यापर्यंत पुरतो. मामांनी कव्हर कधी शिवले नाही. हार संध्याकाळी उतरवून तुळशीत टाकायचे.

एवढा उपद्व्याप कशासाठी, असे शहरातले लोक विचारत. याचे उत्तर एका नापिकीच्या साली मिळाले. कापूस गेला होता, थोरलीचे कॉलेज मात्र जायचे नव्हते. मामांनी गाडी काढली. दिग्रसकडचा एक गृहस्थ पाहायला आला. त्याने किक मारली नाही, टाकीकडे पाहिले नाही. सरळ वाकून मडगार्डाच्या आतून बोट फिरवले. बोट कोरडे आणि स्वच्छ निघाले. तेव्हा तो म्हणाला, “इंजन पाहाची गरज नाही, भाऊ.” घासाघीस झाली नाही. थोरलीची त्या वर्षीची फी भरली गेली. मामांनी किल्लीसोबत त्याच्या हातात फडकेही ठेवले आणि घरात निघून गेले. पोळ्याला घरचा बैल दुसऱ्याच्या दावणीला पाहावा, तसे ते पुढे कितीतरी दिवस दिग्रसचा रस्ता टाळत.

१९८५ साली हिरो होंडा आली आणि क्रोमच्या जागी प्लॅस्टिक व स्टिकरे आली. येझ्दीचा म्हैसूरचा कारखाना १९९६ साली बंद पडला, आणि २०२२ मध्ये ते नाव पुन्हा रस्त्यावर आले. आता एम एच २९ च्या नव्या गाड्यांवर सिरॅमिक कोटिंग करतात. ते काचेसारखे कडक असते म्हणे, पण धूळ कोरडी पुसली तर त्यावरही ओरखडे उठतातच. काही गाड्यांना मॅट रंग असतो. त्याला पॉलिश लावले की चट्टे पडतात. म्हणजे चकाकू नये म्हणून जपायची गाडी! मामींना ही गाडी नक्की आवडली असती.

मामा आता थकले आहेत. नातू नवी गाडी घेऊन दाखवायला आला, सीटवरचे शोरूमचे प्लॅस्टिक सहा महिन्यांनीही तसेच. मामांनी काही न बोलता मडगार्डाच्या आतून बोट फिरवले, बोटाकडे पाहिले, आणि आत हाक दिली, “बादलीभर पानी आना गा!”